पडद्यावर माझं नाव

नागपुरात बर्डीवरचं आणखी एक जुनं थेटर पाडलं, तेव्हा आमच्या मनीषनगरच्या कट्ट्यावर आठ दिवस तोच विषय होता. कोणी कुठे एकच पिक्चर किती वेळा पाहिला, कोणाला ब्लॅकमध्ये तिकीट मिळालं, कोणी कॉलेज बुडवून मॅटिनी गाठली. बाप्ये बोलायला लागले की बाया गप्प बसतात, तसं आमच्याही कट्ट्यावर होतं. मी मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. जन्मभर सरकारी दवाखान्यात सिस्टर होते, वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आवाज जायचा माझा. मी म्हटलं, थेटरापायी तुमचा अभ्यास बुडाला असेल, मला तर थेटरानं नोकरी लावून दिली. सगळे हसले. एक जण म्हणाले, "काहून, गेटवर तिकिटं फाडत होत्या का तुम्ही?" तोंडी सांगायला बसले असते तर मधेच कोणीतरी स्वतःचं पुराण सुरू केलं असतं. म्हणून लिहून ठेवते.

आम्ही विणकर. गोळीबार चौकाकडच्या ज्या गल्लीत मी वाढले तिथे घरोघरी माग होते. बाबा लुगडी विणायचे, माय त्यांना सुताच्या कांड्या भरून द्यायची, आणि शाळेतून आले की मी मायच्या हाताखाली. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याची खटखट दिवसभर चालायची. एखाद्या घरातली थांबली तर शेजारचे दारात येऊन विचारायचे, बरं नाही का म्हणून. बाजाराच्या दिवशी मात्र सगळ्याच घरचे माग बंद. बाप्ये आठवड्याचा माल घेऊन इतवारीच्या पेठेत व्यापाऱ्याकडे जायचे ते दिवेलागणीला परतायचे. त्या दुपारी गल्लीतल्या बाया कथेला जायच्या.

कथा म्हणजे सिनेमा. हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं आणि एकाही बाप्याला ठाऊक नव्हतं, किंवा ठाऊक असून ते तोंड मिटून बसत असतील. माझ्या बाबांना खरोखर ठाऊक नव्हतं. त्यांनी जन्मात कधी मारलं नाही, ओरडले नाहीत, पण मनाविरुद्ध काही झालं की ताट सरकवून उठायचे आणि दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. सिनेमाचं त्यांना वावडं होतं. घरची बाई चार लोकांत रांगेत उभी राहते, अंधारात परक्या माणसांत बसते, हे त्यांच्या डोक्यात शिरायचंच नाही. मायला सिनेमाशिवाय चैन नव्हतं. मग ती बिचारी दर आठवड्याला देवाच्या नावावर खोटं बोलायची, आणि येताना खरंच मारुतीला हात जोडून यायची, म्हणजे अगदीच खोटं नको.

आमच्या बायांची सिनेमा पाहण्याची रीतही न्यारी होती. कोणता पिक्चर पाहायचा हे कोणीच ठरवत नसे. पायी बर्डीवर जायचं आणि पहिल्या थेटरची लेडीज खिडकी गाठायची. तिथे हाउसफुल्लची पाटी लागली असेल तर पुढचं थेटर, तिथेही नाही तर त्याच्या पुढचं. जिथे तिकीट मिळेल तिथे बसायचं. देवादिकांचा असो, मारामारीचा असो, रडका असो. माय म्हणायची, "आपल्याले काय, गार हवेत तीन तास बसाले भेटते." हे काही खरं नव्हतं. पंखे असे की वारा फक्त पंख्याच्याच पात्यांना लागत असेल. बाकड्यांना ढेकूण होते. लेडीज क्लासच्या आणि बाप्यांच्या मधे एक मळकट पडदा असायचा, दिवे लागले की ओढायचे, अंधार झाला की सरकवायचे. पण त्या पडद्याच्या अलीकडे माय पदर कमरेला खोचून, पाय वर घेऊन, भुईमुगाच्या शेंगा सोलत अशी ऐसपैस बसायची की तशी ती मला घरी कधी दिसली नाही. घरी ती नेहमी उठायच्याच बेतात असायची.

त्या काळी पिक्चर सुरू व्हायच्या आधी काचा दाखवायचे. काच म्हणजे स्लाइड. छोट्याशा काचेच्या तुकड्यावर शाईनं लिहायचे आणि दिव्यासमोर धरली की ती अक्षरं पडद्यावर हातभर मोठी व्हायची. सोनाराच्या दुकानाची, छत्र्यांची, तपकिरीची जाहिरात. आणि एक वेगळी काच असायची, ती चालू पिक्चरवरच यायची. अमुक माणसानं ताबडतोब बाहेर यावं. ती डॉक्टरसाठी, नाहीतर घरात कोणी गेलं असेल तर. हिरो-हिरॉइनच्या अंगावर ते नाव उमटलं की अख्खं थेटर चुकचुकायचं, आणि ज्याचं नाव तो माणूस वाकून, लोकांच्या गुडघ्यांना धडकत बाहेर पडायचा. माय अशा वेळी शेंगा बाजूला ठेवून हात जोडायची.

आता माझी गोष्ट. सत्तरच्या पुढचं एखादं वर्ष असेल. मी मॅट्रिक झाले होते आणि नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी अर्ज केला होता. आमच्या नात्यात कोणी असलं काही केलं नव्हतं. परक्या माणसांची अंगं पुसायची, रात्रपाळी करायची, वसतिगृहात राहायचं. माझ्या मोठ्या आत्यानं तर आमच्याकडे पाणी प्यायचं सोडलं. पण मिलच्या कापडापुढे आमच्या लुगड्यांना गिऱ्हाईक राहिलं नव्हतं, आणि बाबांनी मुकाट्यानं अर्जावर सही केली होती. यादी लागली तेव्हा माझं नाव शेवटच्या जागेच्या खाली निघालं. कोणी आलं नाही तरच माझा नंबर. पंधरा दिवस वाट पाहिली. ट्रेनिंग सुरू झालं. इकडे उमरेडहून स्थळ आलं होतं, चार माग असलेलं खाऊनपिऊन सुखी घर, आणि येत्या रविवारी ते लोक सुपारी फोडायला येणार होते. मुलगा वाईट नव्हता. पण मला आयुष्यभर कांड्या भरायच्या नव्हत्या हो. मी दोन दिवस जेवले नाही. तेवढं एक बाबांचं घेतलं होतं मी.

बाजाराच्या दिवशी माय म्हणाली, "चाल वं पोरी, कथेले. रडाचं असंन तं तिथं रड, अंधारात कोनी पाहत नाही." आम्ही दोघी दुपारी निघालो. पहिल्या थेटरला हाउसफुल्ल, दुसऱ्याला खिडकी बंद, तिसऱ्याला आमच्या पुढच्या बाईवर तिकिटं संपली. चौथ्याला मिळाली.

आम्ही गेलो आणि घडायचं ते नेमकं मागे घडलं. व्यापाऱ्याच्या घरी लग्न निघालं म्हणून बाबा दुपारीच परत आले. ते दारात सायकल टेकवतात तोच दवाखान्याचा शिपाई चिठ्ठी घेऊन हजर. एक मुलगी ट्रेनिंग सोडून घरी निघून गेली होती. जागा माझी होती, पण आज पाचच्या आत मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. नाही आले तर उद्या सकाळी पुढच्या मुलीला बोलावणार. हे सगळं त्या चिठ्ठीत चार ओळींत लिहिलं होतं.

माझे दाखले मायच्या पत्र्याच्या पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली मायच्या कमरेला. आणि माय कथेला. बाबा मारुतीच्या देवळात गेले तर तिथे पुजारी घोरत होता. परत येऊन शेजारच्या काकूंना विचारलं. काकू मायची पक्की मैत्रीण, आधी त्या गोल गोल बोलल्या. मग चिठ्ठीत काय आहे ते कळल्यावर त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "कथेले नाही गेल्या गा भाऊ, पिक्चरले गेल्या. दर बाजाराले जातेत. कोनत्या थेटरात ते मले इचारू नका, तिकीट भेटन तिथं बसतेत."

दुसरा कोणी असता तर त्यानं कुलूप तोडलं असतं. आमच्या बाबांच्या ते मनातही आलं नाही. बायकोच्या पेटीला नवरा हात लावत नाही, ही त्यांच्या घरची रीत. माहेरून आलेली पेटी, तिची किल्ली तिच्याकडे, तिनं उघडली तरच उघडायची. मग त्यांनी काय करावं? ती पेटीच उचलली, मागाच्या दोरीनं सायकलच्या कॅरियरला करकचून बांधली आणि बर्डीकडे निघाले. ज्या माणसानं जन्मात थेटरची पायरी चढली नव्हती तो पेटी घेऊन थेटरावर निघाला.

पहिल्या थेटरच्या गेटवाल्यानं त्यांना अडवलं. हे मला त्या गेटवाल्यानंच नंतर सांगितलं. त्याला वाटलं म्हातारा घर सोडून निघाला आहे. बाबा काही म्हातारे नव्हते, पण केसांत सुताची रुई असायची. ते म्हणाले, "माही घरवाली अन् पोरगी अंदर हायेत का पाहाचं हाय." गेटवाला म्हणाला, "अंधारात कशा ओळखान तुम्ही? लेडीज क्लासात तं तुम्हाले जाऊही देनार नाही." तेव्हा बाबांनी खिशातून चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. त्यानं टॉर्च लावून वाचली, आणि बाबांना तिथेच बसवून तो मॅनेजरकडे गेला.

मॅनेजर तयार नव्हता. काच फक्त डॉक्टरसाठी आणि मयतीसाठी, असा नियम. लोक तिकीट काढून बसतात, उगाच कशाला पिक्चरवर अक्षरं पाडायची. त्यावर तो गेटवाला म्हणाला, "साहेब, मेल्या मानसासाठी लावता, एकडाव जित्या पोरीसाठी लावून पाहा." मॅनेजरनं चिठ्ठी पुन्हा वाचली. काच लिहिणाऱ्याला बोलावलं. माझं नाव, बाबांचं नाव, गल्लीचं नाव. पहिल्या थेटरात आम्ही नव्हतोच. मग त्यानं स्वतः टेबलावरचा फोन उचलला आणि बर्डीवरच्या एकेका थेटरला लावून तो मजकूर सांगितला. ही थेटरं एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायला टपलेली असायची. एकाकडे नवा पिक्चर लागला की दुसरा आपल्या गेटवर बँड वाजवायचा. त्या दुपारी सगळ्यांनी आपापल्या पिक्चरवर माझं नाव पाडलं. आम्ही कोण, कुठले, एकालाही ठाऊक नव्हतं. 

आमच्या थेटरात तेव्हा गाणं चालू होतं. हिरॉइन बागेत झाडाला टेकून उभी, आणि तिच्या गळ्यावर, अगदी हार घातल्यासारखं, माझं नाव उमटलं. आधी मला वाटलं दुसरीच कोणी माझ्या नावाची असेल. मग खाली बाबांचं नाव आलं, गल्ली आली, आणि ताबडतोब बाहेर यावे. मायच्या हातातल्या शेंगा सांडल्या. तिला दुसरं काही सुचायचं कारणच नव्हतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "तुह्ये बाबा गेले वं." शेजारच्या बाया लागल्या हळहळायला. एकीनं मायचा हात धरला, दुसरीनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. आम्ही दोघी रडत, धडपडत बाहेर आलो. मायची एक चप्पल आतच राहिली.

बाहेर व्हरांड्यात, हातानं रंगवलेल्या भल्यामोठ्या पोस्टरखाली, बाबा पेटीवर बसले होते. एकेका थेटरच्या दारात विचारत नुकतेच इथे येऊन टेकले होते, धापा टाकत होते. पहिल्या थेटरचा तो गेटवाला आपली ड्यूटी सोडून त्यांच्यासोबत आला होता. मायनं बाबांना पाहिलं आणि तिचं रडं तिथल्या तिथे थांबलं. तिला असा राग आला म्हणता, की खोटं आपण बोललो हेच ती विसरली. "जित्ते हा ना तुम्ही? मंग असं कोनी बोलावते का मानसाले? माह्या जिवाचं पानी झालं ना." बाबांनी एवढंच म्हटलं, "पोरीची जागा निघाली. पाचच्या आत जाचं हाय. किल्ली दे."

मायचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. मला वाटलं गाठ सुटत नाही. मी म्हटलं, माय, लवकर कर, सव्वाचार झाले. तरी तिचा हात हलेना. ती बाबांकडे पाहत होती, आणि बाबा पेटीकडे. मग तिनं डोळे मिटले, किल्ली सोडली आणि स्वतःच खाली बसून कुलूप काढलं. दाखले अगदी तळाशी होते. त्यांच्यावर तिचा शालू, माझ्या बाळपणीचं कुंची-झबलं, आणि एक पावडरचा डबा. घाईत तो डबा माझ्याच हातून निसटला, झाकण उडालं आणि व्हरांडाभर तिकिटांचे अर्धे तुकडे पसरले. गुलाबी, पिवळे, हिरवे, पोपटी. लग्न होऊन आली तेव्हापासून पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाचं अर्धं तिकीट तिनं जपून ठेवलं होतं. पोथी जपून ठेवावी तशी तिची ही कथा पेटीत तळाशी ठेवलेली. म्हणूनच हात थांबला होता तिचा.

गेटवाला भला माणूस, पण अक्कल बेताचीच. तो खाली वाकून कौतुकानं म्हणाला, "हे गुलाबी तं आमचेच होय. बाई तं लय जुन्या गिऱ्हाईक दिसतेत."

बाबा खाली बसले. एकेक तुकडा वेचायला लागले. तुटलेलं सूत शोधायची सवय असलेली बोटं ती, एकही तुकडा राहिला नाही.  माय भिंतीला टेकून उभी, एका पायात चप्पल, मान खाली. सगळे तुकडे डब्यात घालून त्यांनी झाकण दाबून बसवलं, डबा पेटीत ठेवला, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली मायच्या हातात दिली. मग गेटवाल्याला म्हणाले, "हिले अंदर बसवून देता का? पिक्चर अजून बाकी असंन." मायला वाटलं रागानं बोलताहेत. ती म्हणाली, "मी येतो ना संग." बाबा म्हणाले, "सायकलवर तिघं कसे बसू? तू पुरा पाहून घे. पेटी तुह्याजवळच ठेव." आणि त्यांनी स्वतः ती पेटी उचलून लेडीज क्लासच्या दारापर्यंत नेऊन दिली. उरलेला पिक्चर मायनं त्या पेटीवर बसूनच पाहिला. काय पाहिलं ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

बाबांनी सायकल अशी दामटली की मी कॅरियरवर बसून देवाचं नाव घेत होते. आम्ही पोचलो तेव्हा कारकून कपाटाला कुलूप लावत होता. मेट्रनबाई आपल्या खुर्चीतून उठलेल्या होत्या, त्या परत बसल्या. चष्मा लावून त्यांनी दाखले पाहिले, मला वय विचारलं, आणि मग अर्ज तसाच धरून ठेवला.

"मागची मुलगी का गेली माहीत आहे?" त्या बाबांना म्हणाल्या. "आई येऊन रडली आणि घेऊन गेली. वडील सह्या करतात, आणि आठ दिवसांनी आया येतात न्यायला. माझी जागा वाया जाते. या मुलीच्या आईची संमती आहे का? त्या का नाही आल्या?"

खोलीत कारकून होता, शिपाई होता, दोन सिस्टर उभ्या होत्या. आजारी आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं. कथेला गेली आहे म्हटलं असतं तर उत्तमच. मी बाबांकडे बघायचंही टाळलं.

बाबांनी मान वर केली आणि सरळ सांगितलं, "तिची माय पिक्चर पाहून राहिली बाई. मीच बसवून आलो. तिले आवडते."

कारकुनाला हसू आलं ते त्यानं दाबलं. मेट्रनबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं.